कोपऱ्यातला अकरा

इंजिनाला पेट्रोल कमी पडलं तर ते खोकतं, जास्त झालं तर काळा धूर सोडतं. माणसाच्या पोटात हेवा शिरला तर बाहेरून काहीच दिसत नाही. निदान माझं कुणाला दिसलं नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. सुरतेत एका मोटार कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली, शेवटची काही फोरमन म्हणून. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा म्हणून संपादक दोन वर्षं मागे लागलेत. आठवणी पोतंभर आहेत, पण सांगण्यासारखी एकच आहे आणि तीच सांगायला मी कचरत होतो. ती माझ्या मेहुण्याची आहे. माझ्या बायकोचा, मंगलचा, धाकटा भाऊ. नाव भिला.

मी शिंदखेड्याकडचा. धुळ्याच्या आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन सुरतेला आलो आणि सरळ वर्कशॉपला लागलो. भिला नववीत दोनदा बसला आणि दोनदा आपटला. त्याला सुरतेला आणलं मी, बमरोलीला लूमच्या कारखान्यात चिकटवलं मी, पहिले सहा महिने जेवू घातलं आम्ही. हे मी पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत असे, म्हणून इथेही लिहून टाकतो. लूमवर तो फार दिवस टिकला नाही. साड्यांवर भरतकाम करणारी कंप्युटरवाली मशिनं तेव्हा नुकती येऊ लागली होती. त्या मशिनांचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली तो लागला, आणि तीन वर्षांत त्या माणसापेक्षा जास्त शिकला.

आता आमचा धंदा थोडा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनाला दोनच गोष्टींचा हिशेब लागतो. पेट्रोल किती द्यायचं, आणि ठिणगी कधी टाकायची. जुन्या गाड्यांत हे काम कार्बुरेटर आणि डिस्ट्रिब्युटर करायचे आणि आम्ही ते स्क्रूड्रायव्हरने आणि कानाने जुळवायचो. नव्वदच्या दशकात पेट्रोल-इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांच्या डॅशबोर्डखाली एक पत्र्याची डबी असते, तिला आम्ही कंप्युटर म्हणायचो. डबीत एक चिप, आणि चिपमध्ये आकड्यांचं एक कोष्टक, शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखं. आडवे खाने इंजिनाच्या वेगाचे, उभे खाने भाराचे. गाडी ज्या खान्यात असेल तिथला आकडा वाचून डबी पेट्रोल सोडते. आकडे बदलले की तीच गाडी वेगळी चालते.

आकडे बदलायचा हक्क फक्त कंपनीचा. सुधारलेली चिप आली तर ती हेड ऑफिसहून सीलबंद पाकिटात यायची, सोबत नंबर आणि फॉर्म. जुनी काढायची, नवी बसवायची, डबीच्या स्क्रूंवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, सही करायची. त्या पिवळ्या ठिपक्याचा मला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. काही बिघडलं तर कंपनी निस्तरून देणार, हा त्या ठिपक्याचा अर्थ. बाहेरच्या माणसाने डबी उघडली की रंग तुटायचा आणि वॉरंटी संपायची.

आमच्या एका मॉडेलला एक रोग होता. उन्हाळ्यात एसी चालू ठेवून गर्दीत हळूहळू गाडी न्यायला लागली की ती गचके खायची. सहारा दरवाजापाशी कापडाच्या गठ्ठ्यांचे टेम्पो आणि हातगाड्या अडकल्या की ही गाडी त्यांच्यामध्ये उचक्या देत उभी. कतारगामचे एक हिऱ्याचे शेठ होते. त्यांची आई मागे बसायची, म्हातारीची कंबर धरायची. शेठ यायचे, खुर्चीवर बसायचे आणि शांतपणे म्हणायचे, ‘पाटीलभाई, गाडी उधरस खाय छे.’ गाडीला खोकला झालाय. मी प्लग बदलले, फिल्टर बदलले, पेट्रोलचा पंप बदलला. खोकला तसाच. शेठ दर महिन्याला यायचे. रागवायचे नाहीत, याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

दोष चिपच्या आकड्यांत आहे हे मला कळत होतं. कुठल्या खान्यात आहे हे कळत नव्हतं. मी हेड ऑफिसला चार वेळा रिपोर्ट पाठवले. चारही वेळा एकच उत्तर आलं की वाहन कंपनीच्या मापानुसार आहे, ग्राहकाला योग्य प्रकारे गाडी चालवण्यास सांगावे. आता ऐंशी वर्षांच्या म्हातारीला योग्य प्रकारे बसायला कोण शिकवणार?

मग एकदा शेठ दोन महिने आलेच नाहीत. तिसऱ्या महिन्यात ऑइल बदलायला आले. मी भीत भीत खोकल्याचं विचारलं. म्हणाले, मटी गयो. बरा झाला. मी गाडी घेऊन भर दुपारी एसी लावून सहारा दरवाजाला चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालत होती. परत येऊन डॅशबोर्डखाली हात घातला तर पिवळा रंग तुटलेला. कोणी केलं विचारल्यावर शेठ म्हणाले, बमरोलीला तुमच्याकडचाच एक मराठी माणूस आहे, मशिनवाला.

त्या दिवशी मी जेवलो नाही. मंगलला सांगितलं, पोट बिघडलंय. तसं ते बिघडलंच होतं.

भिलाची पत्र्याची शेड माझ्या घराच्या वाटेवर होती. भरतकामाच्या मशिनांत आणि गाडीच्या डबीत चिपा एकाच जातीच्या असतात हे त्याने आपल्या आपण ओळखलं होतं. त्या वाचायचं यंत्र त्याच्याकडे होतंच. पण वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं. ते त्याने कसं केलं, हे त्याने मला मोठ्या उत्साहाने दाखवलं. साडीची किनार बनवताना डिझाइनवाले आधी चौकटीच्या कागदावर एकेक खाना रंगवतात. भिलाने गाडीचं कोष्टक तसल्याच कागदावर उतरवलं आणि लहान आकड्यांना पिवळा, मग केशरी, लाल, मोठ्यांना जांभळा, असे रंग दिले. रंग भरायचं काम मंगलने केलं होतं, आमच्याच ओट्यावर बसून. लग्नानंतर ती घरी बसून डिझाइनचे कागद रंगवायची, हात तयार होता. सगळा कागद रंगाने हळूहळू गडद होत जात होता, फक्त एका जागी चार खाने फिके पडले होते.

‘दाजी, हाई देखा,’ भिला म्हणाला, ‘किनारमा दोरा सुटेल शे.’

किनारीत दोरा सुटलाय. तेच चार खाने. तिथेच गाडी खोकत होती. ते सुधारताना त्याने सगळं कोष्टकच नव्याने बसवलं होतं आणि तो दुसरा कागदही मंगलकडून रंगवून घेतला होता. मी पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलेला, भिंतीवर सर्टिफिकेट लावलेला माणूस. ट्रेनिंगच्या पुस्तकातल्या कोष्टकाकडे मी हजार वेळा पाहिलं असेन, पण मला त्यात आकडेच दिसले. त्याला किनार दिसली. मी म्हणालो, बरं आहे, पण हे काम बेकायदेशीर आहे. इतकंच बोललो. त्याचा चेहरा उतरला, आणि मला बरं वाटलं.

पुढचं वर्ष मी हेव्यात काढलं. संध्याकाळी घरी जाताना त्याच्या शेडसमोर किती गाड्या उभ्या आहेत ते मोजायचो. त्यात आमच्या मॉडेलच्या किती, ते वेगळं मोजायचो. घरी मंगलला भावाचं कौतुक करायचं असलं की ती भाकरी थापता थापता करायची, मी उठून जाऊ शकणार नाही अशा वेळी. रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. मी त्याला वाढायचो, आग्रह करायचो. त्याच्या हातांकडे बघत राहायचो. माझेच हात त्याच्यापेक्षा मोठे आणि मजबूत होते, पण त्यांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

एकदा देव मला पावला. चलथाणच्या साखर कारखान्यातले एक साहेब होते, त्यांना गाडी हायवेवर आणखी पळवायची होती. भिलाने नको नको म्हणत त्यांच्यासाठी ठिणगीची वेळ पुढे ओढून दिली. ठिणगी लवकर पडली की ताकद वाढते, पण पेट्रोल चांगलं नसेल तर इंजिन आतून ठोकायला लागतं. त्या साहेबांनी कुठल्या तरी पंपावर भलतंच पेट्रोल भरलं. पिस्टनला रुपयाएवढं भोक पडून गाडी आमच्याकडे ओढून आणली. मी तो पिस्टन फडक्यात गुंडाळून घरी नेला आणि मंगलसमोर ठेवला. म्हटलं, बघ तुझ्या भावाचं काम. तिने भोकातून बोट घालून पाहिलं आणि विचारलं, त्यानं काय केलं मग? खरं सांगावं लागलं. भिला दुसऱ्याच दिवशी स्वतः वर्कशॉपला आला होता, चूक माझी म्हणाला होता, आणि तीन दिवस आमच्या हेल्परांबरोबर बसून इंजिन जोडून दिलं होतं. पुढे कुणाच्या ठिणगीला हात लावणार नाही अशी शपथही घेतली होती. मंगल पिस्टन बाजूला ठेवून म्हणाली, मग झालं तर. तो पिस्टन बरेच दिवस आमच्या घरी खिळे ठेवायला होता.

आता माझी करणी सांगतो.

तो सुधारलेला, रंगवलेला कागद आमच्याच घरी, कपाटावर गुंडाळून ठेवलेला असायचा. शेडमध्ये तेलाचे हात लागतात म्हणून भिलाने बहिणीकडे ठेवायला दिला होता. उन्हाळ्यातला एक रविवार. मंगल मुलांना घेऊन हळदीकुंकवाला गेली होती. मी कागद काढला, जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले आणि कंपनीच्या रिपोर्टच्या फॉर्मवर सगळं कोष्टक उतरवून काढलं. दोनशे छप्पन्न आकडे. भिलाचं अक्षर कोंबडीचं. अडलं की शेजारच्या खान्यांवरून अंदाज घ्यायचो, कारण आकडे ओळीने चढत जातात. एका कोपऱ्यात मात्र अडलो. इंजिन सर्वात वेगात आणि भार अजिबात नाही, असा तो खाना, म्हणजे गाडी जिथे कधी जातच नाही. शेजारी सगळे शून्य आणि त्या एका खान्यात अकरा. आकड्यावर छोटासा काळा डागही होता. भिलाने काहीतरी खोल युक्ती केलीय आणि खूण म्हणून डाग दिलाय, असं मला वाटलं. मी अकरा लिहिले, बॉलपेनने नीट गोल काळा ठिपका काढला आणि समासात लिहिलं, ‘विशेष सुधारणा’. खाली माझी सही केली.

चार महिन्यांनी सीलबंद पाकिटं आली. आत नवी चिप, सोबत पत्र. सुरत वर्कशॉपच्या पाटील यांच्या अभ्यासपूर्ण रिपोर्टवरून सुधारणा मंजूर केली आहे. मालकांनी पेढे वाटले. पाठोपाठ दुसरं पत्र आलं की बाहेरची चिप आढळल्यास वॉरंटी रद्द करावी, मात्र ग्राहकाने आता अधिकृत चिप बसवून घेतल्यास एकवार माफ करावे. शेड रिकामी करायला एवढं पुरे होतं. महिन्याभरात भिलाची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे रांगेत आली. त्यांच्या डब्यांतून भिलाच्या चिपा मी माझ्या हाताने उपटल्या आणि तेच आकडे असलेल्या कंपनीच्या बसवल्या. वर पिवळा ठिपका. कतारगामच्या शेठना मात्र माझ्यासमोर खुर्चीवर बसून काहीतरी कळलं असावं. ते म्हणाले, गाडी तो सारीज हती, पाटीलभाई. गाडी तर आधीच बरी होती. मी म्हटलं, आता कायद्याने बरी झाली.

चिपा कशा आल्या हे भिलाने विचारलंही नाही. संध्याकाळी जाताना मी सवयीने मोजायला मान वळवायचो आणि तिथे मोजायला काही नसायचं. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण दोन-तीन दिवसच टिकला.

दसऱ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असायची. पान्यांना हळदकुंकू, लिफ्टला झेंडूचा हार, सगळ्यांच्या घरची मंडळी, मग जिलेबी-फाफडा. त्या वर्षी हेड ऑफिसचे एक इंजिनिअर मला प्रशस्तिपत्र द्यायला मुद्दाम आले. मंगलने भिलालाही आणलं. मी नको म्हणालो होतो. ती म्हणाली, तुमचा मान होतोय, तर माहेरचं कुणी नको?

प्रशस्तिपत्र झालं, टाळ्या झाल्या. इंजिनिअर चांगला माणूस होता, तरुण, कामाची खरी आवड असलेला. त्याने बॅगेतून माझा फॉर्म काढला. सगळ्यांसमोर त्याला माझी परीक्षा घ्यायची नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ‘पाटील, बाकी सब समझ में आया,’ तो म्हणाला. ‘ये कोने का ग्यारह समझ में नहीं आया. हम लोगों ने दो दिन इस पर लगाए. इससे होता क्या है?’

काही फरक पडत नाही असं त्यांच्या मशिनवर दिसलं होतं, पण ‘विशेष सुधारणा’ लिहिलेलं असल्याने काढून टाकायची कुणाची हिंमत झाली नाही, असंही तो म्हणाला. सगळ्या चिपांमध्ये तो अकरा तसाच गेला होता.

मालक हसत माझ्याकडे बघत होते. समोर हेल्पर, त्यांच्या बायका, मुलं. मी फॉर्म हातात घेतला आणि माझ्याच ठिपक्याकडे पाहत राहिलो. आणखी एक क्षण गेला असता तर सगळ्यांना कळलं असतं.

मागून भिला उठला. हात जोडून साध्या हिंदीत म्हणाला, ‘साहब, वो टीका है. नज़र का. हमारे डिज़ाइन लाइन में अच्छे काम के कोने में एक लगाते हैं. हमारे दाजी ने भी लगाया.’

इंजिनिअर पोट धरून हसला. सगळे हसले. मालकांनी माझी पाठ थोपटली. इंजिनिअर म्हणाला की परत गेल्यावर हे सगळ्यांना सांगणार, सुरतच्या पाटीलने आपल्या चिपला काजळ लावलंय. टाळ्या पुन्हा वाजल्या, पहिल्यापेक्षा जोरात. मीही हसलो. फॉर्मवरून नजर उचलली तेव्हा मंगल माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती.

आमची नवी स्कूटर आणली तेव्हा हेडलाइटखाली तिनेच काजळाचं बोट लावलं होतं. मुलांच्या गालावर रोज लावायची. कपाटावरच्या त्या कागदावरचा डाग माझ्याच घरच्या डबीतल्या काजळाचा होता आणि मला तो ओळखू आला नाही. बहिणीने तीट लावली म्हणून भावाने त्या खान्यात आकडा टाकला होता, तीट गाडीतही जावी म्हणून. एवढीच ती युक्ती.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली होती. दारात उतरल्यावर कुलूप काढता काढता म्हणाली, ‘ती तीट मी मना भाऊकरता लायेल व्हती.’

माझ्या लग्नाला पस्तीसहून जास्त वर्षं झाली. या विषयावर ती एवढं एकच वाक्य बोलली. दुसऱ्या दिवशी कपाटावरचा कागद गेला होता आणि भिलाचा कुठलाही कागद पुन्हा आमच्या घरी आला नाही. भिला मात्र येत राहिला, दर रविवारी. त्याने गाड्यांचं काम सोडलं, मशिनांकडे परत गेला आणि तिकडे माझ्यापेक्षा मोठा झाला. मला फोरमन केलं ते त्या प्रशस्तिपत्रावर. त्याने मला वाचवलं याचे उपकार मानायला हवे होते. मी मानले नाहीत. हाताचं कसब त्याच्याकडे आहे हे मी कसंबसं गिळलं होतं. मनाचा मोठेपणाही त्याच्याकडेच निघाला, तेव्हा मला उरलं काय, असा तो हेवा. तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

हे लिहून झाल्यावर छापायच्या आधी भिलाला दाखवावं असं ठरवलं. मागच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. चष्मा लावून त्याने सगळं वाचलं, अगदी सावकाश, खाली बोट ठेवून. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. एवढ्या वर्षांनी का होईना, तो दोन शब्द बोलेल, रागावेल, निदान बरं केलंत म्हणेल, असं वाटत होतं. त्याने कागद नीट जुळवून परत दिले.

‘दाजी,’ तो म्हणाला, ‘त्या खानामा अकरा नही, सतरा व्हतात. मना सात तुमले एक दिखना.’

मग त्याने चहा मागवला आणि नातवाच्या शाळेचं बोलू लागला.

म्हणजे दोन दिवस साहेब लोकांनी डोकं फोडलं ते माझ्या चुकीवर, आणि त्या मॉडेलच्या जेवढ्या गाड्या रस्त्यावर उतरल्या त्या माझी चूक घेऊन फिरल्या. मी घरी येऊन लेख पुन्हा काढला आणि आकडा दुरुस्त करायला पेन उचललं. मग ठेवून दिलं. कोष्टकातले दोनशे पंचावन्न आकडे भिलाचे आहेत, हे इथे माझ्या सहीने लिहून देतो. अकरा तेवढा माझा.